ज्याला भाव नाही, ते किनाऱ्यावर

सोमवारी सकाळी राजोडी किंवा अर्नाळ्याच्या वाळूवर काय पडलेलं असतं, यापेक्षा काय पडलेलं नसतं ते बघावं. आदल्या दिवशी मुंबईहून लोकलने विरारला उतरून, तिथून बस-रिक्षाने इथे आलेल्या मंडळींनी शेकड्यांनी पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केलेल्या असतात. त्यातल्या फारच थोड्या दिसतात. बिअरच्या अख्ख्या बाटल्या दिसत नाहीत, फुटलेल्यांच्या काचा मात्र असतात. थंड पेयांचे डबे नाहीत, पुठ्ठा नाही. उरलेलं असतं ते असं: वेफरची पाकिटं, गुटख्याच्या आणि शॅम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, चमचे, पातळ पिशव्या, डायपर आणि कुठून आली कुणास ठाऊक अशी एकेकटी चप्पल.

हा उरलेला माल म्हणजे भंगारवाल्याची उलटी वही आहे. त्याच्या वहीत ज्याला भाव आहे, ते उजाडण्याआधीच कचरावेचकांनी उचललेलं असतं. ज्याला भाव नाही, ते वाळूत.

किनाऱ्यांवरच्या घाणीबद्दल बोलताना आपण पटकन पर्यटकांच्या बेशिस्तीवर येतो. बेशिस्त आहेच, तिची बाजू घेण्याचं कारण नाही. पण बाटली आणि वेफरचं पाकीट टाकणारा माणूस एकच असतो, जागाही एकच आणि बेशिस्तही तीच. तरी बाटली जाते आणि पाकीट राहतं. म्हणजे वाळूवर काय साचणार हे टाकणाऱ्याच्या संस्काराइतकंच उचलणाऱ्याच्या हिशोबावर ठरतं. हा हिशोब समजून घेतल्याशिवाय किनारा साफ करायला निघणं म्हणजे दर रविवारी तेच काम पुन्हा करणं.

प्लास्टिक हे एका वस्तूचं नाव नाही, एका मोठ्या कुटुंबाचं आहे. बाटलीच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, ती ‘पेट’. तेलाचे कॅन, शॅम्पूच्या जाड बाटल्या २, म्हणजे एचडीपीई. पाइपांचं पीव्हीसी ३. दुधाच्या पिशवीचा एलडीपीई ४. श्रीखंडाचा डबा, बाटलीचं झाकण बहुधा ५, पॉलिप्रॉपिलीन. थर्माकोल ६, पॉलिस्टायरिन. आणि ७ म्हणजे ‘इतर’, वरच्या सहांत न बसणारं सगळं. भंगारवाला हे आकडे बघत नाही. बाटली दाबून, पिशवी चुरगाळून तिचा आवाज ऐकून त्याला कळतं. पण त्याचे ढीग याच जातींप्रमाणे लागतात, कारण वितळवताना एका जातीत दुसरी मिसळली की माल बिघडतो. पेटच्या बाटल्यांपासून पॉलिस्टरचा धागा निघतो, त्याला कायम गिऱ्हाईक आहे. एचडीपीईच्या पुन्हा बादल्या आणि पाइप होतात. एकाच जातीचं, स्वच्छ आणि जड, असं जे असतं त्याला भाव मिळतो.

वेफरचं पाकीट या तिन्ही परीक्षांत नापास होतं. बाहेरून ते एकच चकचकीत कागदासारखं दिसतं, पण त्यात थर असतात. बाहेर छपाईचा प्लास्टिकचा थर, आत पदार्थाला लागणारा आणि उष्णतेने चिकटणारा दुसरा, आणि मध्ये अॅल्युमिनियमचा मुलामा. हा मुलामा मायक्रॉनच्याही काही शतांश जाडीचा असतो, पण हवा, ओल आणि उजेड अडवायला तो पुरतो. वेफर महिनोन्महिने कुरकुरीत राहतात ते त्याच्यामुळे. शॅम्पूच्या पुडीत तर थरच वेगवेगळ्या जातींचे असतात. ते एकमेकांना असे चिकटवलेले असतात की साध्या कारखान्यात सुटे करता येत नाहीत. पदार्थाचं आयुष्य वाढवणारा जो गुण, तोच पुढे पाकिटाला निरुपयोगी करतो.

शिवाय वजन. असं एक पाकीट तीन-चार ग्रॅमचं. किलोभर करायला अडीचशे-तीनशे पाकिटं वाकून वाकून उचलायची. लिटरभर पाण्याची बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची, चाळीस-पन्नास बाटल्यांत किलो भरतो. किलोमागे दोन्हींना सारखाच भाव मिळाला असता, तरी शहाणा कचरावेचक बाटल्याच उचलील. इथे तर पाकिटाचा भाव शून्य.

कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. केंद्राच्या २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत पुनर्वापर न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं असं स्पष्ट लिहिलं होतं. दोन वर्षं संपत आली तेव्हा, मार्च २०१८मध्ये, त्या वाक्यात दुरुस्ती झाली. ज्याचा पुनर्वापर होत नाही, ज्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा कसलाही उपयोग नाही, एवढंच बंद, असा त्याचा अर्थ झाला. भट्टीत जाळणं हाही उपयोगच. तेव्हा बंद करण्याजोगं काही उरलंच नाही. २०२२च्या जुलैपासून देशात एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली. कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या, फुग्यांच्या दांड्या, चमचे, स्ट्रॉ, प्लेटा या त्या यादीत आहेत. पिशवीची किमान जाडीही वाढत वाढत १२० मायक्रॉनवर गेली. वेफरचं पाकीट आणि शॅम्पूची पुडी मात्र यादीबाहेर राहिली. फुग्याच्या दांडीने कुणाचा समुद्र भरला, हा प्रश्न विचारायचा मोह आवरत नाही.

आता किनारा सोडून जरा आत जाऊ. चांदीप हे वसई तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. महामार्ग ओलांडून शिरसाड, मांडवीच्या बाजूला गेलं की तुंगारेश्वरच्या डोंगराच्या कुशीत हा सगळा पट्टा येतो. समुद्र इथून दिसत नाही, आणि चांदीपला किनारपट्टीचं गाव कुणी म्हणणारही नाही. पण पाण्याची वाट धरून निघालं तर गोष्ट निराळी दिसते. डोंगराच्या या उत्तरेकडच्या अंगाचे ओहोळ तानसा नदीकडे वळतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून आलेली तानसा वैतरणेला मिळते, आणि वैतरणेची खाडी जिथे समुद्रात उघडते त्या तोंडावरच अर्नाळ्याचं बेट आहे, किल्ल्यासकट. म्हणजे या पट्ट्यातल्या एखाद्या टपरीमागच्या ओहोळात जूनमध्ये पडलेली पुडी गणपतीपर्यंत अर्नाळ्याला पोचायला काही हरकत नाही. तिला तिकीट लागत नाही.

या भागात पावसाळी सहलींची गर्दी असते. तुंगारेश्वरला श्रावणात भाविक जातात, धबधब्यांवर तरुण पोरं, फार्महाऊसवर शनिवार-रविवारची कुटुंबं. किनाऱ्यावरच्या पर्यटनाचा कचरा निदान लोकांच्या डोळ्यांवर येतो. डोंगरातल्या पर्यटनाचा कचरा पहिल्या मुसळधार पावसात वाहून जातो, आणि गाव स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. इथल्या आदिवासी बायका पळसाच्या आणि सागाच्या पानांचे भारे विकायला नेत आल्या आहेत. पश्चिमेकडच्या वाडीत राजेळी केळ्यांची सुकेळी केळीच्याच सोपटात बांधून बाजारात जात आली आहेत. या तालुक्याला आवरण म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. फरक एवढाच की ते पान फेकलं तर बकरी खाते.

पाण्यात पडल्यावर कुठलं प्लास्टिक कुठे जाणार, हे घनतेवर ठरतं. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५. पॉलिप्रॉपिलीनची ०.९, पिशव्यांच्या पॉलिथिनची ०.९२च्या आसपास, म्हणून झाकणं, पिशव्या आणि वेफरची पाकिटं तरंगतात. पेटची घनता १.३८. झाकण लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते. झाकण निघालं, पाणी शिरलं की तळाशी. थर्माकोल म्हणजे बहुतांश हवाच, तो वाऱ्याबरोबर पळतो. रबरी चपला फोमच्या असतात, म्हणून त्या किनाऱ्यावर इतक्या भेटतात. जोडीतली दुसरी कुठे लागते, ते भरती-ओहोटीलाच ठाऊक. आणि तरंगणारं प्लास्टिकही कायम तरंगत नाही. त्यावर शेवाळ चढतं, बारीक शिंपले बसतात, वजन वाढतं आणि तेही बुडतं. म्हणून वाळूवर दिसतो तो समुद्रातल्या प्लास्टिकचा एक भाग, तोही तरंगणाऱ्या जातींचा.

जून ते सप्टेंबर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. मुंबई-वसईकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. पावसाने नद्या-ओहोळ धुऊन काढलेला कचरा समुद्रात जातो, आणि तोच वारा आणि तेच उधाण तो परत आणून टाकतात. दरवर्षी मोठ्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचा खच पडला की समुद्राने मुंबईला तिचाच कचरा परत केला, असे मथळे छापून येतात. मथळा जुना झाला, पण भूगोल बरोबर आहे.

याचा पहिला फटका मच्छीमारांना. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव या कोळीवाड्यांत डोलीची मासेमारी आहे. समुद्रात कवी, म्हणजे खांब, मारायचे. त्यांना डोल बांधायची. रुंद तोंडाची आणि शेपटाकडे निमुळती, बारीक आसांची, म्हणजे छिद्रांची, ही पिशवी प्रवाहाला तोंड करून उभी राहते. तिला माशामागे धावावं लागत नाही. प्रवाह जे आणेल ते ती घेते: बोंबील, जवळा, करंदी. आणि आता पन्नी. मासे पकडायची जी युक्ती पिढ्यान्‌पिढ्या कमी कष्टात चालत आली, ती प्लास्टिक पकडायलाही तितकीच उत्तम आहे. जाळं जड होतं, आस बुजतात, निवडायला वेळ जातो, त्यात जवळ्यासारखा नाजूक माल चेंगरतो. समुद्रात शिरलेल्या प्लास्टिकचा एक भाग आज आमचे कोळी स्वतःच्या डिझेलवर बाहेर काढतात. त्याबद्दल त्यांना कुणी पैसे देत नाही, आणि ‘जाळी तुम्हीच समुद्रात टाकता’ हे मात्र ऐकवतात. तुटक्या नायलॉन जाळ्यांचा प्रश्न खराच आहे, पण जुन्या जाळ्यालाही भाव मिळेल तर कोण टाकील?

किनाऱ्यावर न पोचलेला कचरा कुठे जातो? वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ला झाली. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र आली. त्यातली २९ गावं आत ठेवायची की बाहेर, हा वाद पुढे अनेक वर्षं सरकार आणि न्यायालय यांच्यात फिरत राहिला. गाव नक्की कुणाचं, हेच ठरत नसताना घंटागाडी कुणाची हा प्रश्न मागे पडणं साहजिक आहे. २०११च्या जनगणनेत या शहराची वस्ती १२ लाख २२ हजार होती. दर माणशी रोज अर्धा किलो कचरा धरला तरी तेव्हाचेच सहाशे टन होतात, आणि त्यानंतर नालासोपारा-विरारच्या पूर्वेला केवढ्या इमारती उठल्या हे लोकलच्या खिडकीतून दिसतंच. हा कचरा वसई पूर्वेच्या गोखिवऱ्याजवळ, भोयदापाड्याच्या डंपिंग ग्राउंडवर जातो. तिथल्या आगी आणि धूर हा परिसरातल्या रहिवाशांच्या तक्रारींचा जुना विषय आहे.

या आगी कुणी लावतं असं दरवेळी नसतं. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की हवा मिळत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. कुजताना ढीग आतून तापतो. मिथेन जळतो, आणि प्लास्टिक तर खनिज तेलापासूनच बनलेलं, ते इंधन पुरवतं. वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहतं. पावसात याच ढिगातून झिरपणारा काळा, आंबट रस जमिनीत आणि नाल्यात उतरतो. केळीची साल आणि पन्नी वेगवेगळ्या राहिल्या असत्या तर सालीचं खत झालं असतं आणि पन्नी पडून राहिली असती. एकत्र आल्यावर त्या जाळ आणि विष दोन्ही तयार करतात.

इथेच भावाचा प्रश्न पुन्हा येतो. डाळ-भात सांडलेल्या पिशवीला भंगारात किंमत नाही, ती धुणं तिच्या मोलापेक्षा महाग. दुधाच्या पिशव्यांचंच बघा. मराठी घरांतल्या बायका त्या धुऊन, वाळवून, गठ्ठा करून भंगारवाल्याला देत आल्या. माल एकाच जातीचा, स्वच्छ, म्हणून भाव. कापलेला त्रिकोणी कोपरा मात्र ओल्या कचऱ्यात जातो, तिथून खतात आणि खतातून शेतात. पिशवी कापताना कोपरा सुटा करू नका, असं पर्यावरणवाले कळकळीने सांगतात ते यासाठी. ओलं-सुकं वेगळं करणं ही भाव टिकवण्याची पहिली पायरी आहे. वेगळा केलेला कचरा गाडीत एक होतो, ही तक्रार महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ऐकू येते. ती जिथे खरी आहे, तिथे घरातल्या कष्टांचं मोल गाडीच्या फळीवरच शून्य होतं.

डंपिंगच्या जुन्या ढिगांवर आता ‘बायोमायनिंग’ हा उपाय सांगितला जातो. ढीग उकरायचा, वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा. खाली माती पडते, वर दगड-विटा आणि चिंध्या-प्लास्टिक राहतं. हे चिंध्या-प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं. तिथलं तापमान १४०० अंशांच्या वर असतं, त्यामुळे विषारी वायूंचा धोका उघड्यावर जाळण्यापेक्षा पुष्कळ कमी. कागदावर सगळं ठीक. पण महाराष्ट्रातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात आहेत: घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही. वसईपासून आठशे किलोमीटरांच्या आसपास. ओलसर, मातीने भरलेल्या, हलक्या मालाने ट्रक भरून तेवढ्या लांब पाठवायचा तर डिझेलचा खर्च कुणी द्यायचा? म्हणजे भाव शून्याच्याही खाली गेला. माल घेऊन जायलाच पैसे मोजावे लागतात.

२०१८च्या जुलैत वसई-विरार तीन-चार दिवस पाण्यात होतं. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या अडकल्या, मिठागरातल्या माणसांना सुटकेची वाट बघावी लागली. त्या पुराचं खापर नुसतं प्लास्टिकवर फोडणं खोटं ठरेल. नैसर्गिक नाले अरुंद झाले, पाणथळ जागांवर भराव पडला, वाड्यांतली बावखलं, म्हणजे पाणी साठवणारी छोटी तळी, बुजली, ही मुख्य कारणं. पण बावखल बुजायला सुरुवात कशाने होते तेही बघितलं पाहिजे. आधी कचरा पडतो, मग ते घाणेरडं म्हणून नकोसं होतं, मग त्यावर भराव. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीतल्या मंडळींनी या तालुक्याचं पाणी आणि झाडं वाचवण्यासाठी आवाज उठवला, तेव्हा लढा बिल्डर आणि टँकर यांच्याशी होता. पुडीशी लढायला मोर्चा काढता येत नाही.

मग कुठे जमलं? पहिलं नाव वेंगुर्ल्याचं घ्यावं लागतं. सिंधुदुर्गातलं हे किनाऱ्यावरचं, पर्यटकांचं गाव, वस्ती जेमतेम १२ हजार. २०१५पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे कचरा घरातच वेगळा घ्यायला सुरुवात झाली, आणि केंद्रावर त्याचे आणखी बारीक प्रकार पाडले जाऊ लागले. ओल्यापासून बायोगॅस आणि खत. ज्याला भाव आहे ते विकायचं. ज्याला भाव नाही ते प्लास्टिक यंत्रात बारीक करून डांबरी रस्त्यांत. जिथे डंपिंग होतं ती जागा लोक बघायला येऊ लागले, आणि तिचं नावच ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ पडलं. समुद्रकिनारा सोडून कचऱ्याचं केंद्र बघायला जाणारे पर्यटक, ही कल्पना मला फार आवडते.

रस्त्याची ती रीत मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांची. खडी १६०-१७० अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा चुरा टाकायचा. तो वितळून खडीला पातळ लेप देतो, मग डांबर. लेपामुळे खडी पाणी पीत नाही, डांबर घट्ट धरतं. यात पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, थरांची पाकिटं चालतात. पीव्हीसी चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो. एकेरी रस्त्याच्या किलोमीटरमागे साधारण टनभर प्लास्टिक मावतं. रस्ता झिजल्यावर तेच प्लास्टिक बारीक कण होऊन मोकळं होत नाही ना, ही शंका रास्त आहे. तरी ओहोळापेक्षा खडी बरी.

वेंगुर्ल्याचं उदाहरण दिलं की लगेच उत्तर येतं: बारा हजारांच्या गावाला जमलं ते बारा लाखांच्या शहराला कसं जमेल? पण कल्याण-डोंबिवलीचीही वस्ती २०११ला साडेबारा लाखांच्या आसपासच होती. तेच कोकरे पुढे तिथे उपायुक्त झाले, आणि दशकानुदशकं धुमसणारं आधारवाडीचं डंपिंग मे २०२१मध्ये नव्या कचऱ्यासाठी बंद झालं. कचरा त्यामुळे नाहीसा झाला नाही, उंबर्डे-बारावेच्या प्रकल्पांकडे वळला, आणि तिथल्या अडचणी तिथे आहेतच. पण वस्तीचा आकडा हे कारण पुरत नाही, एवढं त्यातून दिसतं.

किनाऱ्यावरच जोर लावून काय होतं, ते वर्सोव्याने दाखवलं. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये तिथे साफसफाई सुरू केली. हजारो लोक जोडले गेले, लाखो किलो कचरा निघाला, पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा सन्मान मिळाला, २०१८मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. आणि मग शाह स्वतःच मिठी नदीकडे, काठच्या वस्त्यांकडे वळले. कचरा जिथून येतो तिकडे. चांदीपचा ओहोळ आणि अर्नाळ्याची वाळू यांच्यातलं नातं त्यांनी अंधेरी-पवईच्या बाजूला ओळखलं होतं, असं म्हणता येईल.

राहिला भाव. ज्याला बाजार भाव देत नाही, त्याला तो मुद्दाम द्यावा लागतो, आणि हे करून बघितलेलं आहे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने थरांची पाकिटं वेगळी गोळा करायला घेतली. त्यासाठी एका कंपनीचे पैसे मिळू लागले, तेव्हा तीच पाकिटं पोत्यांत भरून येऊ लागली. हिमाचल प्रदेशाने २०१९मध्ये पुनर्वापर न होणारं प्लास्टिक किलोला ७५ रुपयांनी विकत घेण्याची योजना आणली. आपला आधीचा हिशोब लावा: एका पाकिटाला पंचवीस-तीस पैसे. वाकण्याइतके आहेत, उचलण्याइतके आहेत. तमिळनाडूत नीलगिरीच्या डोंगरात दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींचे पाय कापत होते. २०२२पासून तिथल्या सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायचे आणि रिकामी परत आणली की द्यायचे, अशी सोय झाली, आणि बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. गोवा सरकारने २०२४मध्ये अशीच अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे.

हे सगळं आपल्याला नवं आहे असं समजू नये. आरेच्या दूधकेंद्रावर रिकामी काचेची बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, तेव्हा मुंबईत कुणी दुधाच्या बाटल्या रस्त्यावर फेकत नव्हतं. आणि मार्च २०१८च्या महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीच्या मूळ अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांच्या परताव्याची किंमत छापायला सांगितली होती. लिटरच्या किंवा त्याहून मोठ्या बाटलीला १ रुपया, त्याहून लहान बाटलीला २ रुपये. पुढे दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत देण्याच्याही घोषणा झाल्या. दुकानदाराने रिकामी बाटली घेऊन रुपया परत दिल्याचं कुणाच्या पाहण्यात असेल तर त्या माणसाचा सत्कार केला पाहिजे. गंमत अशी की बाटलीला तेव्हाही भंगारात भाव होताच. परताव्याची खरी गरज होती ती पाकिटाला, आणि पाकीट त्या योजनेत नव्हतंच.

वसईच्या किनाऱ्यासाठी ही गोष्ट फार अवघड नाही. अर्नाळा, कळंब, राजोडी या पट्ट्यातला पर्यटक बहुतेक दिवसापुरता येतो. तो रिसॉर्टच्या फाटकातून आत जातो, त्याच फाटकातून बाहेर पडतो. पाकीट विकणारी दुकानं आणि टपऱ्या मोजता येतील इतक्या आहेत. दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांनी आपला ओला कचरा आपणच जिरवावा, हे २०१६च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. पाकिटावर पाच रुपये अनामत घेतली, तर रिकामं पाकीट घेऊन टपरीवर परत येणारा पहिला माणूस पर्यटक असेलच असं नाही. बहुधा तो गावातला एखादा पोरगा असेल, किंवा पहाटे बाटल्या गोळा करणारी तीच बाई. अडीचशे पाकिटांचे साडेबाराशे रुपये होतात. तेवढ्यावर तिला बाटल्यांकडे बघायची गरजच पडणार नाही, आणि मग बहुधा बाटल्यांवरही अनामत लावावी लागेल.